जलस्रोत : निरंक

"पानी लिवा सायेब," म्हातारी म्हणाली.

माझा पेन 'जलस्रोत' या रकान्यापाशी येऊन थांबला होता. मे महिन्यातली दुपार, एक वाजलेला, आणि आम्ही उभे होतो तो खडक असा तापलेला की बुटातूनही तळवे भाजत होते. चहूबाजूंनी सागाची उघडी झाडं. सगळ्यात जवळचा नाला दीड किलोमीटरवर, आणि तोही होळीलाच आटला होता.

"कुठं आहे पाणी, आजी?"

"हे काय, तुमच्या पायाखाली."

मी पायाखाली पाहिलं. तांबूस, सपाट, कोरडा ठणठणीत वाळूचा खडक. मी वनरक्षक शेवंता तुलावीकडे बघून हसलो आणि रकान्यात लिहून टाकलं: निरंक.

त्या काळात हा शब्द मला फार आवडायचा. मी एका खनिज शोधणाऱ्या कंपनीत कंत्राटी भूवैज्ञानिक होतो. गडचिरोलीच्या उत्तरेकडच्या त्या जंगलात, वाळूच्या खडकाखाली कुठंतरी तांबं असावं असा आमचा कयास होता, आणि ते बघायला नऊ ठिकाणी अडीचशे मीटर खोल भोकं पाडायची होती. खाण नव्हे, नुसती भोकं. पण जंगलात भोक पाडायचं तर परवानगी लागते, आणि त्या परवानगीच्या पायऱ्या मोजता मोजता माझी दोन वर्षं गेली होती. फाइल नागपूरला जायची, शेरा घेऊन परत यायची, पुन्हा जायची. शेवटी मी शहाणा झालो. एकही झाड तोडावं लागत नसेल तर प्रकरण जिल्ह्यातच निकाली निघतं, हे कळल्यावर मी नऊच्या नऊ बिंदू अशा जागी आणले जिथं झाड नाही. सात नंबरचा बिंदू तर माझी शान होती. दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा उघडा खडक, वर गवताची काडी नाही. जेसीबीनं वरचा थर खरवडला की यंत्राला आयती बैठक तयार.

आता फक्त संयुक्त स्थळपाहणी उरली होती. वनरक्षकानं आणि मी जागेवर उभं राहून फॉर्म भरायचा आणि दोघांनी सह्या करायच्या. झाडे, वन्यप्राणी, पूजास्थळ, जलस्रोत. आठ बिंदूंचं काम झालं होतं आणि हा शेवटचा होता.

"पूजास्थळ?" मी विचारलं.

"नाही सर," शेवंता म्हणाली. "इथं देव नाही. कोणी नारळ फोडत नाही."

"मग तेही निरंक."

मी सही ठोकली. सवयीनं हातोडा काढून खडकाच्या कडेचा तळहाताएवढा तुकडा फोडला, कापडी पिशवीत टाकला आणि पिशवीवर सात लिहिलं. हातोडा पडला तशी म्हातारीनं "अगं माय!" म्हणून तोंडावर हात घेतला. शेवंतानं नुसती मान वळवली.

मी फॉर्म तिच्यापुढं धरला. "करा सही."

"संध्याकाळी करते, सर."

"म्हणजे?"

"साडेपाचला इथं या. मग करते."

मी चिडलो. तेव्हा मला पटकन राग यायचा आणि तो लपवताही यायचा नाही. दोन वर्षांनी काम एका सहीवर आलं होतं आणि ही सव्वीस वर्षांची बाई मला वेळ देत होती. "काही अडचण आहे का? असेल तर आत्ताच सांगा. माझी गाडी आरमोरीला जायची आहे."

"अडचण सांगून समजत नाही, सर. तुम्ही साडेपाचला या." तिनं टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला आणि म्हातारीचा हात धरून गावाच्या वाटेला लागली. म्हातारी तिची आत्या होती, बिरजाबाई कोरेटी. कुंभीटोला नावाचं चाळीस घरांचं गाव खडकाच्या पलीकडं उतारावर होतं.

मीही काही कमी नव्हतो. टेकाडावर जाऊन रेंज मिळवली, माझ्या सहीच्या फॉर्मचा फोटो काढला आणि नागपूरला ढवळे सरांना पाठवून दिला. 'नऊही बिंदू स्वच्छ,' असं खाली लिहिलं. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: 'शाबास. पुढच्या महिन्यात तुझी कायम नेमणूक.' मला तर आभाळ ठेंगणं झालं.

साडेपाचला मी गेलो तो भांडायच्या तयारीनंच. त्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. दोघींच्या चपला खडकाबाहेर काढलेल्या होत्या.

"बूट काढा, सर," शेवंता म्हणाली. "आणि थोडं थांबा."

"किती थांबू?"

"सूर्य त्या मोवाच्या खाली येईपर्यंत."

मोहाचं झाड तिकडं पश्चिमेला एकटंच उभं होतं. मी बूट काढून तणतणत बसलो, घड्याळ बघितलं. पावणेसहा झाले. ऊन तिरपं होत खडकावर आडवं पसरलं, आणि माझ्या समोरचा खडक बदलू लागला.

आधी मला वाटलं, डोळ्यांवर झापड येतेय. दुपारी जो खडक पाटीसारखा गुळगुळीत होता, त्यावर बारीक बारीक सावल्या उठत होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, हरभऱ्याएवढ्या. एक, दहा, शंभर. ऊन जसजसं खाली येत गेलं तसतशा त्या पुढं पुढं पसरत गेल्या, आणि बघता बघता अख्खा खडक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक गोल खळग्यांनी भरून गेला. प्रत्येक खळग्याला कड होती. प्रत्येकाच्या एका बाजूला उजेड होता आणि एका बाजूला सावली.

मी गुडघ्यांवर बसलो. मग हात टेकले. मग गालच टेकला खडकाला.

ते पावसाचे थेंब होते.

पुस्तकात मी त्यांचं एक चित्र पाहिलं होतं, काळंपांढरं, काडेपेटीएवढं. ओल्या गाळावर चार थेंब पडतात, गाळ वाळतो, त्यावर हलकेच नवा गाळ येऊन बसतो, आणि सगळ्याचा खडक होतो. हजारांत एखाद्या वेळी असं जुळून येतं. तो खडक एकशे साठ कोटी वर्षांपूर्वीचा होता हे मला माहीत होतं, माझ्याच अहवालात मी ते लिहिलं होतं. तेव्हा जमिनीवर गवत नव्हतं, झाड नव्हतं, किडा नव्हता. तो पाऊस बघायला कोणी म्हणजे कोणी नव्हतं. आणि तो माझ्या गालाला लागत होता.

माझ्या अंगावर काटा आला. सांगायला संकोच वाटत नाही, मला रडूही आलं. मी त्याच खडकावर दुपारी बुटांनी उभा राहून 'निरंक' लिहिलं होतं. खडकाचा पृष्ठभाग पाहायचा तर तिरप्या उन्हात पाहायचा, हे कॉलेजात पहिल्या सहलीला शिकवतात. पण साहेब झाल्यावर मी बिंदू पाहायचो ते भर दुपारी, जेवणाआधी, गाडी उभी ठेवून.

"वारा इकडून होता," आत्या म्हणाली.

ती माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिनं माझं बोट धरलं आणि एका खळग्यात फिरवलं. "या अंगानं काठ बसलेला लागते. त्या अंगानं उचललेला. लागते ना? सारे तसेच हायेत. म्हनजे पानी तिरपं आलं, मोवाकडून."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हे वाक्य मी इंग्रजीत, जाड पुस्तकात, परीक्षेपुरतं वाचलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"सांगाले कायले लागते? बोट हाये ना." ती हसली. "अन् मोठा नव्हता पाऊस. थोडा आला अन् गेला. मोठा आला असता तर थेंबात थेंब मिसरून सारा चिखल झाला असता. थोडा होता म्हनून राहिला."

मग शेवंतानं सांगितलं. गावात मूल जन्मलं की पाचव्या दिवशी आई त्याला इथं आणते. एक खळगा निवडायचा, बोटानं त्यात पाणी सोडायचं आणि ते बाळाच्या जिभेला लावायचं. तो त्याचा थेंब. पुढं माणूस कुठंही जावो, थेंब इथं असतो. आत्यानं स्वतःचा थेंब दाखवला, तिच्या नवऱ्याचा दाखवला, सात वर्षांपूर्वी वारलेल्या मुलाचा दाखवला. हजारो खळग्यांतून तिचं बोट न अडखळता तिथं तिथं जात होतं.

"तुमचा?" मी शेवंताला विचारलं.

"हा." मग तिनं कडेकडे बोट केलं. "आणि माझ्या पोरीचा तिकडं कडेला होता."

तिकडं ताजा फुटलेला, पांढरट खडक दिसत होता. माझ्या हातोड्याची खूण स्पष्ट होती.

"तुम्ही... तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमाले काय मालूम होतं, सर. असू द्या," ती म्हणाली. साहेबांशी बोलताना राखलेली शाळेची भाषा पहिल्यांदाच सुटली होती. "दुपारी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, आणि निरंकच लिहिलं असतं."

खरं होतं. मी पाठीवरच्या पिशवीतून सात नंबरची कापडी पिशवी काढली. तुकडा उलटून पाहिला. त्यावर तीन थेंब होते. मी तो जागेवर नेऊन बसवला. तो अगदी नेमका बसला, पण मधली रेघ काही जाईना.

"फॉर्मवर जागा कुठंय याला?" शेवंता म्हणाली. "देव नाही म्हणून पूजास्थळ नाही. झाड नाही. जनावर नाही. एकच रकाना उरतो. आत्या तोच सांगत होती."

त्या संध्याकाळी मी माझ्या सहीचा फॉर्म फाडला.

सकाळी टेकाडावरून ढवळे सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"दातीर, तू पाठवलेला फोटो मी काल रात्रीच पुढं दिलाय," ते म्हणाले. "उपवनसंरक्षक पारखी परवा स्वतः बघायला येतायत आणि तिथल्या तिथं शिफारस करणार आहेत. आता तू म्हणतोस पाणी आहे?"

"आहे, सर."

"कोरड्या खडकावर."

"हो."

"सात नंबर हलवायचा तर बाजूला कुठं?"

"नव्वद मीटर पूर्वेला. सागाची अकरा झाडं जातील."

"म्हणजे प्रकरण जिल्ह्याबाहेर गेलं. वर्ष तरी बुडालं. आणि यंत्र आपण आणून ठेवलंय." पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "तुझं कायमचं पत्र माझ्या टेबलावर आहे, दातीर. मी ते थांबवणार नाही, पण वरचे थांबवतील. परवा पारख्यांपुढं काय बोलायचं ते तू ठरव."

मी ठरवलं होतंच, आणि जलस्रोत असल्याचं वनकार्यालयाला लेखी कळवलंही. भीती होती ती वेगळीच. पारखी साहेबांच्या कार्यालयातून निरोप आला होता: साहेब दुपारी बारा ते एक उपलब्ध. मी संध्याकाळची विनंती केली, तर पलीकडून फोन ठेवला गेला. बारा वाजता त्या खडकावर काय दिसतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"येऊ द्या दुपारी," शेवंता शांतपणे म्हणाली. तिच्या या शांतपणापुढं मी एव्हाना हात टेकले होते.

पारखी साहेब बाराला पाच कमी असताना आले. उंच, पिकल्या केसांचे, कपाळाला कायमची आठी. त्यांनी नकाशा पाहिला, खडक पाहिला, मला पाहिलं.

"अर्जदार तुम्हीच ना? आणि आक्षेपही तुमचाच?"

"हो साहेब."

"पहिल्या फॉर्मवर निरंक आहे. आता म्हणता जलस्रोत आहे. तीन दिवसांत विहीर खणली की काय?"

मी थेंबांचं सांगू लागलो. ते चालत खडकाच्या मध्यावर गेले, वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं. वर सूर्य डोक्यावर, खाली खडक कोरा. "मला काहीही दिसत नाही," ते म्हणाले. आवाजात चीड नव्हती, नुसता कंटाळा होता. त्यांनी फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात उतारावरून बाया आल्या. पुढं बिरजा आत्या, मागं तीस-पस्तीस जणी, प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्याची गुंडी. गावातला एकच हातपंप त्या दिवसांत चालू होता. घरटी सकाळी दोन गुंड्या मिळायच्या, हे मला माहीत होतं. त्यातली एक प्रत्येकीनं आणली होती. चपला काढून त्या खडकाच्या वरच्या कडेला ओळीनं उभ्या राहिल्या.

"सायेब, जरा बाजूले व्हा," आत्या म्हणाली.

पारखी साहेब बाजूला झाले. का झाले कोण जाणे, पण झाले. बायांनी गुंड्या कलत्या केल्या. पाणी तापल्या खडकावर पडलं, चर्रकन वाफ निघाली आणि पाण्याचा एक पातळ पडदा उतारावरून सरकत खाली येऊन मातीत गेला. पुढच्या मिनिटभरात खडक वाळायला लागला. उंचवटे वाळले, सपाटी वाळली. खळगे मात्र वाळले नाहीत.

कोरड्या तांबड्या खडकावर थेंब उभे होते. हजारो थेंब, वेगवेगळे, प्रत्येकात दुपारचं ऊन. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुकतीच एक सर येऊन गेली होती, आणि वर आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. एकशे साठ कोटी वर्षांपूर्वी जो थेंब जिथं पडला, तो आज नेमका तिथं दिसत होता.

पारखी साहेबांचा ड्रायव्हर गाडीतून उतरून आला आणि काठावरच थांबला. साहेब वाकले. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, आणि तसल्या तापलेल्या खडकावर अनवाणी, थेंब चुकवत, दोन पावलं आत जाऊन उकिडवे बसले. आत्यानं त्यांचं बोट धरलं आणि काठावरून फिरवलं.

"वारा इकडून होता," ती म्हणाली.

दोन-तीन मिनिटांत एकेक थेंब आटत गेला आणि खडक पुन्हा कोरा झाला. साहेब बराच वेळ तसेच बसून होते. मग उठले. त्यांनी नवा फॉर्म मागितला आणि जलस्रोताच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: आहे. खाली बारीक अक्षरात विचारलेलं होतं, बारमाही की हंगामी. तिथं त्यांचा पेन अडला.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस मला खरोखरच विचारत होता.

"हंगामी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं. शेवंतानं खाली सही केली.

ढवळे सर म्हणाले होते तसंच सगळं झालं. वर्ष नव्हे, चौदा महिने गेले. माझं कायमचं पत्र काही निघालं नाही. कंपनीनं मला नागपूरच्या गोदामात बसवलं, दुसऱ्यांनी काढलेल्या खडकांच्या पेट्यांवर आकडे टाकायला. वाईट वाटलं, नाही असं नाही. बायकोनं दोन दिवस अबोला धरला. पण मी पेटी उघडली की आधी खिडकी उघडायचो आणि खडक तिरप्या उजेडात धरायचो. ती सवय आजही आहे.

परवानगीचं पत्र निघालं तेव्हा त्याची एक प्रत मी मागून घेतली आणि रजा टाकून कुंभीटोल्याला गेलो. आत्या खडकाच्या काठावरच भेटली. शेवंतानं वाचून दाखवलं. अट क्रमांक चार: 'बिंदू क्र. ७ च्या पश्चिमेस असलेल्या हंगामी जलस्रोतापासून पन्नास मीटरच्या आत कोणतेही यंत्र अथवा वाहन आणू नये.'

आत्यानं तो कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग तिनं मला ते विचारलं, जे सव्वा वर्षात कोणीच विचारलं नव्हतं.

"सायेब, किती दिवसांचा असन हा पाऊस?"

मी सांगितलं. एकशे साठ कोटी वर्षं. कोटी म्हणजे किती ते सांगायचा प्रयत्न केला, झाडांची पानं मोजत, पिढ्या मोजत. तिनं हातानंच मला थांबवलं.

ऊन मोहाच्या खाली उतरत होतं. खडक हळूहळू भरत होता. कडेचा तो तुकडा, माझा, अजून जागेवर होता, आणि शेवंताची पोर त्याच्यापाशी उकिडवी बसून स्वतःच्या थेंबात बोट घालत होती.

"इतक्या दिवसांत हा पाऊस कोनी पुसला नाई," आत्या म्हणाली. "आपनबी नाई पुसला."